नको म्हटल्यावर थांबलेले हात

आमच्या डोंबिवलीतल्या बायका हल्ली मला दुपारी गाठून हळूच विचारतात, "सुमतीताई, तुमचं ते ऑपरेशन झालं होतं ना, तिथं तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?" विचारताना माझ्याकडं बघत नाहीत. तांदूळ निवडत असल्या तर सुपात बघतात. असं उभ्याउभ्या विचारलं की माझ्याकडून नीट सांगून होत नाही, म्हणून बसून लिहिते आहे. जिला वाचताना संकोच वाटेल तिनं दार लावून घ्यावं. संकोच मलाही होता, आणि त्यापायी मी मरायला टेकले होते.

*

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा गाव म्हणावं एवढीच. आमच्या दोन खोल्यांच्या मागं भातखाचरं होती आणि त्यांच्यापलीकडं खाडीपर्यंत मोकळं रान. माझे यजमान, ज्यांना मी पुढं 'हे' असंच म्हणणार आहे, कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. घरात आम्ही दोघं, मुलगी नंदी आणि सासूबाई. नंदी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. तिच्या पाठीवर दुसरं नव्हतं, आणि ते कधी, हा प्रश्न हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारायचंच.

त्या वर्षी माझी पाळी आली ती जाईचना. अंगावरून जायचं, जरा थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आमच्याकडं तेव्हा बाजूला बसायची रीत होती. मी बाजूला बसून राहिले. नंदी उंबऱ्यापलीकडून माझ्याशी बोलायची, सासूबाई वरून पाणी घालायच्या. असे किती दिवस काढणार? शेवटी एके सकाळी सासूबाईच म्हणाल्या, "ये आत. लेकरू तुझ्याविना झुरतंय." त्यापुढं आमच्या घरात बाजूला बसणं उरलं नाही.

हळूहळू माझ्या अंगातलं रक्त ओसरत गेलं. ते कसं असतं ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. दुखत काहीच नाही. कानात शिंपला धरल्यासारखी गाज येत राहते. माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. भिंतीवरचं ऊन सरकताना दिसतं आणि आपणही त्याच्याबरोबर सरकतो आहोत असं वाटतं. भाकरी थापता थापता मी कुठंतरी निघून जायची, आणि तवा जळल्याच्या वासानं परत यायची. ते सगळं मला गोड वाटत होतं. भीती वाटायला हवी होती ती नेमकी तिथं, पण भ्यायलाही अंगात थोडं रक्त लागतं.

*

ह्यांनी मला आधी कल्याणला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुरुष होते, घाईत होते. माणूस वाईट नसावा. पण आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, "झोपा तिथं, लुगडं वर घ्या." टेबलासमोर पडदा होता, तो अर्धाच ओढलेला. मी आडवी झाले आणि काही कळायच्या आत थंडगार लोखंड अंगात शिरलं. मी ओरडले तसे ते म्हणाले, "एवढं काय? मूल झालंय ना तुम्हाला?" तेवढ्यात कंपाउंडर बाटली शोधत आत आला. कपाट उघडलं, बाटली घेतली, गेला. त्याला कुणी बाहेर थांब म्हटलं नाही. मी वरच्या कौलांमधली एक काच बघत राहिले आणि मनानं तिथून केव्हाच उठून गेले.

तपासणी पुरती झालीच नाही. मी पाय आवळून घेतले, ते चिडले, बाटलीभर औषध देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. घरी आल्यावर मी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ह्यांना एवढंच म्हटलं, "पुन्हा मला कुठं नेऊ नका." का, ते त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. त्याला शब्दच नव्हता माझ्याजवळ.

सासूबाईंनी काय झालं असेल ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "बाईच्या जन्माला हे असायचंच. सोसायचं आणि गप्प बसायचं." मला ते तेव्हा बरंच वाटलं. कुणी नेणार नाही, हे ऐकायला मिळालं.

*

मग मी विहिरीवर पडले. पाणी शेंदताना दोर हातातून गेला एवढं आठवतं, आणि आकाश फार जवळ आलेलं. शेजारच्या शांताकाकूंनी धरलं नसतं तर मी आतच गेले असते. शुद्धीवर आले तेव्हा नंदी माझ्या पायांशी बसून माझी बोटं एकेक करून चोळत होती. तिचे केस मोकळे होते, तोंड सुकलेलं होतं. सकाळपासून तिला कुणी विंचरलं नव्हतं.

हे त्या दिवशी कामावर गेले नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "ठाण्याला बायकांचं इस्पितळ आहे. तिथं सगळ्या बायकाच. एकदा चल. तुला नको वाटलं तर परत आणीन, माझा शब्द."

"आणाल?"

"आणीन."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "मी येते तिच्याबरोबर. बाईमाणूस सोबत हवं." आम्हा नवराबायकोला ते अनपेक्षित होतं. नंदीला शांताकाकूंकडं ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा अंधारात सासूबाईंनी माझं मनगट धरलं, आणि पलीकडं उजेड आल्यावर सोडून दिलं.

*

इस्पितळ तलावाच्या अंगाला होतं. लांब व्हरांडा, पांढरे खांब, फिनेलचा वास. तिथं मला सगुणाबाई भेटल्या. नगरकडच्या होत्या, ख्रिस्ती, चाळिशीच्या. पांढरं लुगडं, डोक्याला पांढरा रुमाल, आणि बोलणं नगरी ठसक्याचं. त्या नर्स होत्या. त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणायचे, मी मात्र पहिल्यापासून सगुणाबाईच म्हटलं.

त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. नाव विचारलं. "सुमतीबाई म्हणू की ताई म्हणू?" कुणी मला काय म्हणावं हे मला विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी "ताई" म्हटलं.

"आधी कुणी तपासलं होतं, ताई?"

मी मान खाली घातली. बराच वेळ गेला. त्या उठल्या नाहीत, घड्याळाकडं बघितलं नाही. शेवटी मी म्हटलं, "पुरतं नाही तपासलं. मी करू दिलं नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही हो म्हणेस्तवर इथं कुणी हात लावणार नाही. नाहीच म्हणालात तर नाही. पण काय करतो आणि कशासाठी, ते आधी ऐकून तर घ्या."

आणि त्यांनी सांगितलं. साध्या शब्दांत, आवाज न चोरता. आधी पोटावरून हात, मग आतून दोन बोटं, मग एक उपकरण, आतलं नीट दिसावं म्हणून. दुखायला नको, पण दडपल्यासारखं होईल. ते उपकरण त्यांनी माझ्या हातात दिलं. कल्याणला जे लोखंड मला सुरीसारखं वाटलं होतं, ते बदकाच्या चोचीसारखं गुळगुळीत होतं. "हे आम्ही उकळून घेतो आणि कोमट पाण्यात ठेवतो," त्या म्हणाल्या. "गार लागलं तर मला सांगायचं."

"आणि नको वाटलं तर?"

"नको म्हणायचं. बोलता नाही आलं तर हात वर करायचा. डॉक्टरीणबाई थांबतील. का म्हणून कुणी विचारणार नाही."

मग त्यांनी विचारलं, सासूबाईंना आत राहू द्यायचं का. त्यांच्यादेखत नाही विचारलं, त्यांना पाणी प्यायला पाठवून मग विचारलं. मी म्हटलं, राहू दे, पण उशाशी. पायांकडं नको.

*

लघवीला जाऊन यायला सांगितलं. दाराला आतून कडी लागली. पडद्यामागं मला एकटीला सोडलं, एक धुतलेली चादर दिली आणि सगुणाबाई पलीकडून म्हणाल्या, "सावकाश आवरा. झालं की हाक मारा." माझी माणसं, माझं घर, सगळं फार लांब होतं. चादरीला उन्हात वाळल्याचा वास होता. मी ती गुडघ्यांवरून ओढून घेतली आणि हाक मारली.

डॉक्टरीणबाई आल्या. वयस्क, कमी बोलणाऱ्या. सगुणाबाईंनी आधीच त्यांना माझं सांगितलं असावं, कारण त्या आल्या त्या आधी माझ्या तोंडाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तपासू का?"

मी हो म्हटलं. सासूबाई उशाशी होत्या, सगुणाबाई माझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या. जेवढं लागेल तेवढीच चादर त्यांनी बाजूला केली. डॉक्टरीणबाई काय करताहेत ते त्या मला हळू आवाजात आधी सांगत होत्या. "आता पोटावर हात ठेवतील. आता मांडीला हात लागेल. आता श्वास सोडा, ताई, लांब." नजर मात्र त्यांची माझ्या चेहऱ्यावर होती.

आणि तेव्हा मी "नको" म्हटलं.

खरं तर दुखलं नव्हतं. मला बघायचं होतं. ते खरंच आहे का, एवढंच बघायचं होतं.

डॉक्टरीणबाईंचा हात त्याच क्षणी मागं आला. सगुणाबाईंनी चादर खाली ओढली. कुणी उसासा टाकला नाही, कुणी "अहो, झालंच आता" म्हटलं नाही. बाहेर तलावाच्या बाजूनं टांग्याच्या घोड्याचे घुंगरू वाजत होते आणि ते ऐकू येत गेले, येत गेले, थांबले. मी तशीच पडून होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं. महिनोन्‌महिने मी जिथून उठून गेले होते, त्या माझ्या देहात मी हळूहळू परत येत होते. आधी पाय आले, मग पोट, मग तळहात. आपले पाय गार पडलेत, हे मला किती दिवसांनी कळलं.

"आता करा," मी म्हटलं.

"नक्की?" सगुणाबाई म्हणाल्या.

"नक्की."

बाकीचं लवकर झालं. झाल्यावर त्यांनी मला पुसायला कोमट ओला कपडा दिला आणि पुन्हा पडदा ओढला. काय सापडलं ते डॉक्टरीणबाईंनी मी लुगडं नेसून, खुर्चीवर बसल्यावर सांगितलं. उघड्या बाईला कसली बातमी द्यायची नाही, हा त्या दोघींचा नेम होता.

*

गर्भपिशवीत गाठ होती. शहाळ्याएवढी. पिशवीसकट काढावी लागेल, म्हणाल्या. गाठ साधीच वाटते, पण काढल्यावर मुंबईला तपासायला पाठवू, तोवर छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

म्हणजे नंदीच्या पाठीवर आता कुणी येणार नव्हतं. हे बाहेर थांबले होते, ते आत आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही सगळं समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "ती वाचेल ना?" मग व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुम्हाला मुलगा हवा होता," मी म्हटलं.

"मला नंदीची वेणी घालता येत नाही," ते म्हणाले. "सकाळी घालून बघितली. रडायला लागली पोर."

सासूबाई काय म्हणतील, याची मला धास्ती होती. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. "काढा म्हणावं," त्या म्हणाल्या. "लवकर काढा." आणि आत निघून गेल्या.

*

अंगात रक्त नव्हतं, त्यामुळं आधी सुया, लोहाचं औषध, मग ह्यांचं रक्त. तोवर वॉर्डात पडून राहायचं. ते दिवस मला आता धुक्यातून दिसतात. सकाळी तलावावरचा उजेड छताला हलायचा. दुपारी सगळ्या बायका झोपल्या की पंख्याविना वारा यायचा. गाठ साधी नसली तर, हा विचार त्या वेळी यायचा. मग मी नंदीची फणी, तिची रिबिनीची गाठ, तिचे कानामागचे बारीक केस, असं एकेक आठवत राहायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोपरकडची एक म्हातारी होती. जन्म मिठागरात गेलेला, आवाज खणखणीत. सगुणाबाई तिचं ड्रेसिंग करायला आल्या की आधी पडदा लावायच्या. म्हातारी वैतागायची. "अगो बाय, मना कोन बघतंय आता? पडदा कनाला?"

"तुम्हाला नको असंल, आजी, मला हवाय," सगुणाबाई म्हणायच्या. "पडद्याबिगर माझं काम नीट होत नाही."

म्हातारी हसायची, पण पडदा लागला की तिचा आवाज खाली यायचा आणि ती सगुणाबाईंशी कितीतरी वेळ हळूहळू बोलत राहायची. सासूबाई माझ्या खाटेजवळ चटईवर बसून वाती वळत हे सगळं बघायच्या.

ऑपरेशनच्या दिवशी तोंडावर भुलीची जाळी आली, गोडसर वास आला. सगुणाबाई म्हणाल्या, "मी इथंच आहे, ताई. तुम्ही जागं होईस्तवर तुम्हाला उघडं पडू देणार नाही." मग मी एका होडीत होते. दोन्ही बाजूंनी पाणी, त्यावर चकाकणारं ऊन, आणि माझी आई, जी माझ्या लग्नाआधीच गेली होती, काठावर उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिनं बोलावलं नाही. होडी पुढं गेली आणि मला तहान लागली. डोळे उघडले तेव्हा सगुणाबाई ओल्या कापसानं माझे ओठ पुसत होत्या. चादर माझ्या गळ्यापर्यंत होती.

मुंबईहून निकाल यायला वेळ लागला. गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाई हे सांगताना पहिल्यांदा हसल्या. मी आणि हे एकमेकांकडं बघत राहिलो.

*

त्यानंतरची एक दुपार. टाके निघाले होते, मी उशीला टेकून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या बाईला एक विचारशील?"

"काय, आई?"

त्यांनी वाती खाली ठेवल्या. "माझं अंग बाहेर येतं," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या बाळंतपणापासून. चाललं की येतं, ओझं उचललं की येतं. मी आत सारते आणि काष्ट्यानं आवळून घेते."

धाकटा, म्हणजे माझा दीर, तेव्हा नोकरीला लागलेला तरणाताठा गडी होता. एवढी वर्षं मी त्यांच्याबरोबर दोन खोल्यांत राहत होते. त्यांचं जेवण वाढत होते, पाय चेपत होते. मला माहीत नव्हतं. गावाकडं असलेल्या सासरेबुवांनाही माहीत नव्हतं म्हणे.

"मला कुणी विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि न विचारता सांगायचं कसं?"

सगुणाबाई आल्या, चटईवरच त्यांच्या शेजारी बसल्या. मावशी म्हणाल्या त्यांना. सगळं ऐकून घेतलं, तोंडावरची रेघ हलू दिली नाही. मग विचारलं, "तपासताना जवळ कोण हवं, मावशी? मी तर आहेच."

सासूबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मी पोट धरून चालत त्या खोलीपर्यंत गेले आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तपासू का, मावशी?" तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं, जणू उत्तर मी द्यायचं होतं. मी काही बोलले नाही. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "हो. तपासा."

नंतर लुगड्याच्या निऱ्या खोचताना त्या पडद्यामागून मला म्हणाल्या, "चार बाळंतपणं झाली माझी. हो म्हणायची पाळी आज आली."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ऑपरेशन मागाहून हवं तर बघू, आधी रबराचं कडं बसवू, ते आत आधार देईल, अधूनमधून येऊन बदलून न्यायचं. सासूबाई त्यासाठी पुढं कितीतरी वर्षं ठाण्याला जात राहिल्या. एकट्या जायच्या.

*

बायांनो, मला औषधातलं काही कळत नाही. पण एवढं कळलं आहे. अंगावरून जास्त जात असेल, काही बाहेर येत असेल, तर ते नशीब म्हणून झाकून ठेवू नका. तपासायला गेलात की आधी काय करणार ते विचारा. दार लावायला सांगा. एखादी नर्स जवळ राहू दे म्हणा. दुखलं, नको वाटलं तर बोला. चांगली माणसं थांबतात. जिथं थांबत नाहीत, तिथून उठून दुसरीकडं जा. पण जा मात्र नक्की. मी एकदा भाजले म्हणून घरात बसले, आणि माझ्या मुलीवर आईवाचून राहायची वेळ आली होती.

*

घरी आल्यावर मला हिंडायला फिरायला बरेच दिवस लागले. माघात थंडी ओसरू लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं चालायला सांगितलं. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "चल, मी येते." आम्ही कोपरच्या बाजूला मिठागरांच्या बांधावरून निघालो. मिठाचे पहिले ढीग लागले होते. ऊन उतरत होतं आणि खाडीचं पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं, कुठं काय संपतं ते कळत नव्हतं.

सासूबाई पुढं होत्या. पदर खोचलेला, हात मोकळे, झपझप चालत होत्या. मी मागं पडत गेले.

"आई," मी म्हटलं, "जरा हळू. मला दम लागतो."

त्या थांबल्या, वळून माझ्याकडं बघितलं. चेहरा उन्हात होता.

"तू बस इथं बांधावर," त्या म्हणाल्या. "मी त्या टोकापर्यंत जाऊन येते."

मी बसले. त्या चालत गेल्या, आणि पांढऱ्या ढिगांमधून त्यांचं हिरवं लुगडं लहान होत जाताना मी बघत राहिले.